लाइनीवर शिंजीर आहे

कुंदाताईंचा उजवा हात वर गेला की जिथे असाल तिथे थांबायचं, हा आमच्या निसर्ग मंडळाचा पहिला नियम होता. तोंडातला शब्द तोंडात ठेवायचा आणि उचललेला पाय हळूच खाली टेकायचा. ताईंचा तळवा पुढे, बोटं जुळलेली आणि मान किंचित डावीकडे कललेली. मग त्या दबक्या आवाजात म्हणायच्या, "होल्ड करा." पुढे काही क्षण कुणी खोकतही नसे. हात खाली आला की निकाल लागे. "तांबट. वडाच्या डाव्या अंगाला. लाइन क्लिअर आहे."

माझी त्यांची ओळख या हातामुळेच झाली, आणि तीही भांडणाच्या सुरात. सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात, म्हणजे आम्ही भिवंडीकर ज्याला सायझिंग म्हणतो तिथे, मी हिशेब बघतो. दिवसभर खुर्चीत बसून साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. म्हणून मी नारपोलीहून सकाळी तलावावर जाऊ लागलो. फेऱ्या बोटांच्या पेरांवर मोजायचो. एका सकाळी पायवाटेच्या मधोमध सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दुर्बीण अशा एक बाई हात वर करून उभ्या होत्या.

"अहो बाई, जरा रस्ता सोडा," मी म्हणालो.

"होल्ड करा."

"काय होल्ड करा?"

"पलीकडच्या काठावरून खंड्या बोलतोय, आणि मध्येच तुम्ही." त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. खंड्याचं बोलणं संपल्यावर मात्र वळल्या आणि माझ्या बोटांकडे बघू लागल्या. "फेऱ्या मोजत होतात का?"

"हो."

"आकड्यांत बरे आहात?"

"तेच तर काम आहे माझं."

"मग रविवारी सहाला या. आमच्याकडे बघणारे पुष्कळ आहेत. मोजणारा एकही नाही."

मी गेलो. त्यानंतरची बारा-तेरा वर्षं पाहुणे, लग्नं आणि आजारपणं सोडली तर माझे बहुतेक रविवार त्या हाताखाली गेले.

कुंदाताई मूळच्या इथल्याच. निजामपुऱ्याच्या कडेला दोन खोल्यांचं घर होतं आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग. यजमान लवकर गेले, मुलगी लग्न होऊन नाशिकला. त्यांनी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. सुरुवातीची वर्षं ट्रंक कॉल जोडून देण्यात गेली, पुढे त्याच ऑफिसात कारकून झाल्या. भिवंडीतले कापडवाले सुरतेला, मालेगावला, इचलकरंजीला बोलायचे. दोन्हीकडे मागे लूम चाललेले असायचे आणि त्यातून माणसाचा आवाज वेगळा काढावा लागायचा. "खटखट बाजूला काढायची आणि माणूस ठेवायचा, एवढंच आमचं काम," त्या सांगायच्या. नुसत्या "हॅलो"वरून त्यांना गिऱ्हाईक ओळखता येई. "पक्ष्यांचं तर फार सोपं. बिचाऱ्यांना सर्दीसुद्धा होत नाही, आवाज बदलत नाही."

त्या एक्स्चेंजची भाषा त्यांनी थेट रानात आणली होती. पक्षी बोलला की तो "लाइनीवर आहे". लांबून आला तर "ट्रंक लाइन". गाडीच्या हॉर्नने गप्प झाला की "लाइन कट". कोतवाल पक्षी इतरांच्या नकला करतो. त्याची नक्कल ऐकली की त्या हसून म्हणायच्या, "हा बघा, दुसऱ्याच्या नंबरवरून बोलतोय."

प्रत्येक सहल सुरू होताना सगळे गोल उभे राहिले की ताई आधी आपली मागच्या वेळची चूक सांगायच्या. नवीन माणसाला हे फार चमत्कारिक वाटे. खड्या आवाजात, परेडला हजेरी द्यावी तसं त्या सांगत. "मागच्या रविवारी मी चुकले. ज्याला मी शिक्रा म्हटलं तो पावशा होता. दोघं उडताना सारखे दिसतात हे मला ठाऊक असून मी घाई केली. पुढे चला." चूक नसली तर "मागच्या वेळी चूक सापडली नाही" असं म्हणत. "चूक झाली नाही" असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. एकदा मी विचारलं, "ताई, हे दर वेळी सांगायची काय गरज?"

"राऊत, राँग नंबर लागला की आधी सॉरी म्हणायचं आणि मग नवा नंबर लावायचा. सॉरी न म्हणता लावलेला नंबर गिऱ्हाईक घेत नाही."

दुसऱ्याच्या चुकीला त्या हसत नसत. उलटतपासणी मात्र घ्यायच्या. आमच्यात उर्दू शाळेत विज्ञान शिकवणारे अन्सारी सर होते. उत्साह दांडगा आणि घाई त्याहून जास्त. पडघ्याकडे जाताना एकदा ते ओरडले, "ताई, गरुड! वो देखो, गरुड!"

"नाव नंतर. आधी काय पाहिलं ते सांगा. रंग?"

"भूरा."

"शेपूट?"

"थी."

"शेपूट होती हे मलाही ठाऊक आहे, सर. कशी होती?"

सर वर बघत राहिले. शेपटीला मधोमध स्पष्ट खाच होती. "कटी हुई है," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

"म्हणजे कोण?"

"घार. ताई, आपने मेरा गरुड मार डाला."

"मी नाही मारला, शेपटीने मारला. चला."

त्याच सहलीतली आणखी एक गोष्ट. पडघ्याच्या पुढे हमरस्ता सोडून आत गेलं की टेकडीच्या पायथ्याला आदिवासींचा पाडा आहे. तिथल्या एका मोहाच्या झाडाखाली आम्ही दहा-बारा जण मान वर करून उभे होतो. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी थांबली आणि आमच्याकडे बघत राहिली.

"काय हरवला तुमचा? सगली वर बगताव ती."

"पाखरू बगाया आलोव," ताई तिच्याच बोलीत म्हणाल्या.

"पाखरू बगाया गाडी करून आलाव? तुमच्याकडं पाखरा न्हाय?"

"हाय गो. पन तुमच्याकडली लय बोलतात, आमच्याकडं लूम बोलतात."

म्हातारी मोळी खाली टाकून हसत सुटली. "बोलतात? हा रोज माजा डोका खातो. आज तुमी आलाव आनि मेला गप बसला." तेवढ्यात वरून तो हळद्या बोललाच. ताईंचा हात वर गेला, आणि त्या म्हातारीनेही, का कोण जाणे, आपला हात वर केला. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग म्हातारी म्हणाली, "आता घरी जावा. बोलला तो." आमची वर्गणी, गाडी, दुर्बिणी, सगळं तिने एका वाक्यात निकालात काढलं. ताई परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा ते वाक्य म्हणून हसत होत्या.

मोजणी हे आमच्या मंडळाचं मुख्य काम. आणि आमची मोजणी प्रामुख्याने कानांनी चाले. तलावाच्या पलीकडच्या काठावर बाभळी, बोरी आणि घाणेरीची दाट झाडी आहे. तिथले लहान पक्षी डोळ्यांना क्वचितच सापडतात. काळाजांभळा शिंजीर, डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेला चष्मेवाला, अंगठ्याएवढा फुलटोचा, हे सगळे पानांआडून नुसते बोलतात. ठरलेल्या जागी उभं राहायचं, ताईंनी ऐकून सांगायचं आणि मी मांडायचं, अशी आमची पद्धत होती. चिवचिव आम्हालाही ऐकू यायची. पण ती कुणाची हे ताई सांगणार. त्यांनी काही सांगितलं नाही तर आम्ही ती चिमणीची किंवा कुणाचीच नाही असं समजायचो. त्यांचे कान इतके खात्रीचे होते की आम्ही आपले वापरणंच सोडून दिलं होतं.

गेली काही वर्षं त्या झाडीतले लहान पक्षी कमी होत चालले होते. आधी फुलटोचा गेला, मग चष्मेवाले, मग शिंजीर. तांबट, भारद्वाज, कोकीळ मात्र पूर्वीइतकेच होते. हे मला विचित्र वाटायचं, पण लहान जीव नाजूक असतात, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. ताईंना याचं फार लागलं होतं. त्या झाडीत त्यांनी मुलीला हाताला धरून पहिला शिंजीर दाखवला होता. "दिवे लावले, काठ बांधला, धूळ वाढली. त्यांना नकोसं झालं असणार," त्या म्हणायच्या.

अशात बातमी आली की पालिकेला ती झाडी साफ करून तिथे फरशीची चालण्याची वाट करायची आहे. ताईंनी मंडळाच्या वतीने अर्ज केला. इथले लहान पक्षी वर्षानुवर्षे घटत आहेत, राहिलेली झाडी काढू नये, असा. आकडे माझेच होते. जागेवर पाहणी करून बैठक घ्यायचं ठरलं. बैठकीला दीड आठवडा उरला असताना, फेब्रुवारीतल्या एका रविवारी ताई, अन्सारी सर आणि मी झाडीपाशी गेलो. बैठकीत कुठे उभं राहून काय दाखवायचं ते ठरवायला.

ठरलेल्या जागी ताईंनी हात वर केला. "होल्ड करा."

आम्ही थांबलो. त्यांच्या डोक्यावर, बाभळीच्या सुक्या फांदीच्या टोकाला, एक शिंजीर बसला होता. ऊन अंगावर पडून तो निळाजांभळा चमकत होता. आणि तो गात होता. चोच उघडी, अंग थरथरतंय, आणि भरभर, चढत जाणारं, किणकिणतं गाणं. इतकं मोठ्याने की पलीकडून जाणारा एक माणूस वर बघून गेला.

ताई मान कलती ठेवून ऐकत होत्या. मग हात खाली आला.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "पूर्वी इथे उभं राहिलं तर हे पक्षी आपल्याला एकमेकांशी बोलू देत नसत. आता काही नाही. हेच दाखवायचं त्यांना. ही शांतता."

त्या पुढे चालू लागल्या. शिंजीर गातच होता. अन्सारी सरांनी माझी बाही धरली. "राऊतभाई, ताई मज़ाक कर रही हैं क्या?"

"नाही," मी म्हणालो. त्या क्षणी मला सगळे आकडे समजले. बारीक, उंच आवाजाचे पक्षीच तेवढे गेले होते. जाड आवाजाचे सगळे जागच्या जागी होते. झाडीला काही झालेलं नव्हतं.

घरी येऊन वैशालीला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "त्यांच्या कानांवर एवढं सगळं मंडळ उभं आहे. कसं सांगणार तुम्ही?"

"माहीत नाही."

"बैठकीत चार लोकांसमोर कळण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं. आणि आजच जा. उद्यावर टाकलंत तर जाणार नाही तुम्ही."

दुपारी मी त्यांच्या दारात उभा होतो. "या राऊत. एवढ्या उन्हात? चहा टाकते." त्या गॅसपाशी वळल्या. पलीकडे लूम चालू होते, भिंतीवरचं कॅलेंडर बारीक हलत होतं.

मला आडवळणाने बोलता येत नाही. "ताई, आज झाडीपाशी शिंजीर बोलत होता."

"कधी?"

"तुम्ही हात वर केलात तेव्हा. तुमच्या डोक्यावरच."

त्या वळल्या. आवाज एकदम मोजणीतला झाला. "नाव नंतर. काय पाहिलंत?"

"चिमणीहून लहान. काळाजांभळा, उन्हात निळा. चोच बारीक, बाकदार, आणि उघडी. गाताना अंग हलत होतं. अन्सारी सरांनीही पाहिला आणि ऐकला."

"किती वेळ बोलला?"

"आपण निघालो तरी बोलत होता."

त्यांनी गॅस बारीक केला. मग एकदम विचारलं, "राऊत, हल्लीची थर्मामीटरं वाजतात का हो?"

"वाजतात की."

"मागच्या पावसाळ्यात मला ताप होता. थर्मामीटर वाजेना म्हणून दुकानदाराशी भांडून दुसरं आणलं. तेही वाजेना. म्हटलं, कंपन्यांनी आवाज काढूनच टाकला असेल." त्यांनी खणातून ते थर्मामीटर काढलं, बटण दाबलं, काखेत धरलं आणि माझ्यासमोर खुर्चीत बसल्या. "वाजलं की हात वर करा. तोंडाने बोलायचं नाही."

आम्ही दोघं समोरासमोर बसलो. थोड्या वेळाने, लूमच्या खटखटीतूनही स्पष्ट, थर्मामीटर वाजलं. बीप, बीप, बीप. मी हात वर केला. ताई माझ्या हाताकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही. वाजायचं थांबल्यावर मी हात खाली घेतला. त्यांनी थर्मामीटर काढून आकडा वाचला.

"ठीक," त्या म्हणाल्या. "ताप नाही."

मला वाटलं, आता त्या रडतील. पण त्यांनी खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारली.

"अहो राऊत, म्हणजे पक्षी आहेत!"

"आहेत, ताई."

"गेलेले नाहीत! मी आपली उगाच त्यांच्या नावाने सुतक धरून बसले होते." त्या उठून खोलीत फेऱ्या मारू लागल्या. "चष्मेवाले पण असतील. फुलटोचा पण असेल. सगळे तिथेच असतील हो, बोलत असतील, आणि मी खाली उभी राहून शांतता, शांतता करतेय. काय म्हणत असतील मला!" आणि त्या हसायला लागल्या, अगदी त्या पाड्यावरच्या म्हातारीसारख्या.

चहा उतू गेला तेव्हा थांबल्या. गॅस पुसता पुसता, पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाल्या, "कसा बोलत होता? जसाच्या तसा सांगा."

मला शीळ घालता येत नाही. तरी तोंडाने जमेल तेवढं करून दाखवलं. त्या फडकं हातात धरून ऐकत राहिल्या.

"हां. तोच. शेवटी शेवटी घाई करतो ना? पावसाच्या आत घर गाठायचं असल्यासारखा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "विसरू नका तो. आता तुम्ही लक्षात ठेवायचं."

पुढच्या रविवारी त्यांनी झाडून सगळ्यांना बोलावलं. गोल उभं राहिल्यावर नेहमीच्या खड्या आवाजात म्हणाल्या, "गेली तीन-चार वर्षं मी चुकले. या झाडीतले लहान पक्षी कमी झालेले नाहीत. माझे कान कमी झालेत. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं आणि राऊतांनी ते बरोबर मांडलं. अर्जातही तेच गेलंय. बैठकीत मी हे सांगणार आहे."

अन्सारी सर पुढे आले. "ताई, इतना खोल के बोलने की क्या ज़रूरत है? नव्या पाहणीत पक्षी आढळले, असं म्हणू. कोई पूछेगा भी नहीं. उलटं तुम्ही कानांचं सांगितलं तर ते म्हणतील, यांच्या एकाही आकड्याचा भरवसा नाही."

"म्हणतील. म्हणू देत. पण सर, जुन्या पाहणीचं काय झालं असं कुणी विचारलं तर? मग काय लाइन कट करायची?" त्या वळल्या. "चला. आज नव्याने मोजायचं आहे."

त्या दिवशीची मोजणी मी विसरणार नाही. त्यांनी आम्हाला दोघादोघांच्या जोड्या करून झाडीकडे तोंड करून उभं केलं. स्वतः झाडीकडे पाठ करून आमच्यासमोर उभ्या राहिल्या. "जो आवाज दोघांनाही ऐकू येईल तोच धरायचा. ऐकला की हात वर. मग काय ऐकलं ते सांगायचं, कोण बोललं ते मी सांगते." सुरुवातीला आम्ही बिचकलो. मग एक हात वर गेला, मग दोन. "बारीक, कापऱ्या आवाजात, घोळक्याने," कुणीतरी सांगितलं. "चष्मेवाले," ताई म्हणाल्या. "दगडावर दगड घासल्यासारखं, टिक टिक." "फुलटोचा. तोच तो." उजवीकडून हात, डावीकडून हात. त्या मान फिरवून एकेका हाताकडे बघत होत्या. जिथून हात उठे तिकडे त्यांचं तोंड वळे, चेहरा उजळे. ऐकू न येणारं सगळं रान त्या आमच्या हातांवरून वाचत होत्या.

बैठकीला झाडीपाशी कामाचे इंजिनिअर फाइल घेऊन आले. तरुण होते, घाईत होते. त्यांनी आमचा अर्ज उघडला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहिलंय की इथले पक्षी संपत आलेत. मग झाडी काढली तर बिघडलं काय?"

याच प्रश्नाला मी भीत होतो. ताई मात्र जणू त्याचीच वाट बघत होत्या.

"तो अर्ज चुकीचा आहे, साहेब. मला ऐकू येत नाही आणि ते मला ठाऊक नव्हतं. पक्षी सगळे इथेच आहेत."

इंजिनिअर फाइलवरून वर बघत राहिले. त्यांच्या बरोबरचा एक माणूस हसला. "तुम्हालाच ऐकू येत नाही तर आम्हाला काय ऐकवणार, आजी?"

"मी नाही ऐकवणार. तुमचं वय काय हो?"

"पस्तीस."

"मग तुम्हाला येईल. या इथे. साहेब, तुम्ही पण. झाडीकडे तोंड करा. काही ऐकलं तर हात वर करायचा, नाही ऐकलं तर मी अर्ज मागे घेते." आणि त्यांनी स्वतःचा हात वर केला. "होल्ड करा."

त्या हाताची जरब अशी की इंजिनिअरही थांबले. आम्ही सगळे श्वास धरून उभे. लांबून रिक्षाचा हॉर्न, मग शांतता. मी देवाला हात जोडणारा माणूस नाही, पण त्या वेळी मनातल्या मनात त्या शिंजिराला जोडले. आणि तो बोलला. त्याच बाभळीवरून, भरभर, चढत जाणारा.

हसणाऱ्या माणसाचा हात आधी वर गेला. मग इंजिनिअरांचा. ताई शिंजिराकडे पाठ करून त्या दोन हातांकडे बघत होत्या.

"कसा आवाज आहे?" त्यांनी विचारलं.

"बारीक," इंजिनिअर म्हणाले. "घुंगरासारखा. घाईघाईचा."

"शिंजीर," ताई म्हणाल्या. "लाइनीवर आहे ना अजून?"

"आहे," इंजिनिअर म्हणाले. त्यांनी हात खाली घेतला नव्हता.

वाट झाली, पण झाडीच्या बाहेरून, काठ सोडून वळसा घालून. बोरीचा एक तुकडा गेला, तो वाचवता आला नाही. बाभळी आणि घाणेरी राहिल्या. अन्सारी सर अजून म्हणतात की ती बैठक खरेपणाने जिंकली. मला तसं वाटत नाही. शिंजीर वेळेवर बोलला नसता तर आम्ही हरलो असतो. पण तो बोलला नसता तरी ताईंनी अर्ज चुकीचा आहे असंच सांगितलं असतं, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो.

नंतर मुलीच्या आग्रहाने त्यांनी कानाचं यंत्र घेतलं. घरात वापरायच्या. मोजणीला काढून ठेवायच्या. "यातून शिंजीर येतो, पण कुणीतरी दुसरा त्याच्या वतीने बोलावं तसा येतो." रविवारी त्या आमच्यासमोर, झाडीकडे पाठ करून उभ्या राहू लागल्या, आणि आमचे बुजलेले कान एकेक करून उघडत गेले. मला आज तीसेक पक्षी आवाजावरून ओळखता येतात. ते सगळे मी अशा बाईकडून शिकलो जिला त्यातले निम्मे ऐकू येत नव्हते. "डावीकडचा हात आळशी झालाय हं," त्या मध्येच दटावायच्या. "वैशालीताई, शेजारणीचा हात बघून वर करायचा नाही." हो, वैशालीही यायला लागली होती.

गेल्या दिवाळीनंतर त्या नाशिकला मुलीकडे गेल्या आणि तिथेच, थोड्याशा आजारात, गेल्या. मुलीने फोनवर सांगितलं. शेवटच्या दिवसांत नर्स थर्मामीटर लावायची तेव्हा आई तिला म्हणायची, वाजलं की हात वर कर.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे झाडीपाशी जमलो. गोल करून उभे राहिलो. सुरुवात कुणी करायची हे ठरलेलं नव्हतं. अन्सारी सर घसा साफ करून म्हणाले, "मागच्या रविवारी मी चुकलो. जिसको मैंने चंडोल बोला, वो चिमणी थी." कुणी हसलं नाही. मग आम्ही झाडीकडे तोंड करून, जोडीजोडीने उभे राहिलो. समोरची जागा रिकामी होती. तिथे उभं राहायला कुणी गेलं नाही.

बाभळीवरून शिंजीर बोलला. माझा हात वर गेला. शेजारी वैशालीचा गेला, पलीकडे सरांचा, आणि मग एकेक करून सगळ्यांचे. समोर बघणारं कुणी नव्हतं. तरी तो बोलायचा थांबेपर्यंत एकानेही हात खाली घेतला नाही.